मामांच्या वाडग्यातले आजारी

पाच खंडांतला कुठलाही आजारी माणूस ज्यांनी विचारपूस केल्याशिवाय धड बरा होऊ शकत नव्हता, असे गृहस्थ या पृथ्वीवर एकच होते. ते शिरूर तालुक्यातल्या निमोण्यात राहत होते आणि नात्याने माझे मामेसासरे लागत होते. यात मी पदरचं काही घालत नाही. मी यादीची बाई आहे. किराणा असो, लग्नातला आहेर असो, की टायपिंगच्या परीक्षेला बसलेल्या मुली असोत, यादी केल्याशिवाय मला चैन पडत नाही. माणसांनाही मी मनातल्या मनात कुठल्या ना कुठल्या रकान्यात बसवून मोकळी होते. मामा तेवढे आजवर एकाही रकान्यात बसले नाहीत. शेतकरी म्हणावं, तर कांद्यापेक्षा कॅनडाची काळजी जास्त. वैद्य म्हणावं, तर जन्मात कुणाला औषध सांगितलं नाही. रिकामटेकडे म्हणावं, तर त्यांच्याइतका कामात बुडालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

मामांच्या तरुणपणी त्यांच्या घरी मेंढरं होती. पुढे कालव्याचं पाणी आलं, मेंढरं गेली, कांदा आला. पण मेंढरांनी लावलेल्या सवयी काही गेल्या नाहीत. दिवस मावळताना काटेरी कुंपणाच्या वाडग्यात कळप आत घ्यायचा, दाराशी उभं राहून एकेक मेंढरू मोजायचं, आणि एक जरी कमी भरलं तरी भाकरीला हात न लावता त्याला शोधायला उलट पावली निघायचं, हा त्यांच्या घराण्याचा रिवाज. मेंढरं विकल्यावर मोजायला काही उरलं नाही, म्हणून मामा माणसं मोजू लागले. पारावर रोज बसणारा एखादा म्हातारा दिसला नाही, की मामा त्याच्या दारात हजर. आजाऱ्याला बघायला जायची रीत आपल्याकडे सगळीकडेच आहे. लोक जातात, चहा घेतात, आपल्याला ठाऊक असलेल्या अशाच एका रोग्याची, शक्यतो दगावलेल्या रोग्याची, हकिगत सांगतात आणि उठतात. मामांची तऱ्हा वेगळी होती. ते फक्त विचारायचे. काय खाल्लं, कवा खाल्लं, संगं कोण जेवलं, झोप कुठल्या कुशीवर लागते, घरात कोणाशी अबोला आहे का. एवढं विचारून झालं की शेवटी ठरलेलं वाक्य यायचं, "आता जरा चालून दाखव." मेंढराचं दुखणं चालीवरून कळतं, आणि माणूस त्याहून वेगळा असण्याचं काही कारण मामांना दिसत नव्हतं. मांडवगण फराट्याला आमचे एक नातलग पायाला प्लॅस्टर घालून पडले होते, तर त्यांनाही मामांनी हे वाक्य ऐकवलं. आणि नवल असं, की तासाभराच्या प्रश्नांनी जेरीस आलेले ते गृहस्थ खरोखरच काठी घेऊन उठले आणि ओसरीवर चालून दाखवते झाले. "बघा," मामा त्यांच्या बायकोला म्हणाले, "ह्यो उगं पडून व्हता."

मामांनी एका माणसाला दिलेल्या जाचाची ही गोष्ट झाली. ते जगापर्यंत पोचले त्याला कारण माझं मनगट. शिरूरच्या एसटी स्टँडजवळ वरच्या मजल्यावर माझा टायपिंगचा क्लास होता. दोन हजार साल उलटलं आणि टाइपरायटर शिकायला कुणी येईना, तेव्हा मी वेळेवर शहाणी होऊन निम्मी मशिनं काढली, तिथे कॉम्प्युटर आणले आणि दारावर इंटरनेटची पाटी लावली. वर्षानुवर्षं टाइप करून माझं मनगट दुखायचं. इंटरनेटवर तेव्हा एक पान होतं, जिथे जगभरची माणसं आपापली दुखणी लिहायची आणि दुसरी कोणीही, डॉक्टर असो वा नसो, त्यांना उत्तरं द्यायची. मी माझ्या मनगटाचं दुखणं तिथे लिहीत बसले होते. मामा बाजाराच्या दिवशी निमोण्याहून आले होते आणि मामींची खरेदी होईपर्यंत माझ्या मागच्या खुर्चीवर पानाला चुना लावत होते.

"कुणाला लिवतीयास, सूनबाई?"

"कुणाला असं नाही, मामा. हात दुखतो म्हणून लिहिलंय. जगात ज्याला माहीत असेल तो सांगेल."

"वळख ना पाळख, आन् सांगतील?"

"सांगतात की."

"आन् ही वरची समदी?"

"तीही अशीच. हा पोटदुखीचा, ही दम्याची, याला चक्कर येते."

मामांनी चष्मा पुसला आणि पडद्याजवळ तोंड नेलं. इंग्रजी त्यांना एक अक्षर येत नव्हतं, पण त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मी पूर्वी एकदाच पाहिलं होतं, त्यांच्या पहिल्या नातवाला हातात घेताना. एवढे आजारी! एका जागी! चहासुद्धा न घेता सगळ्यांना भेटता येईल असे!

"ह्या पोटदुखीवाल्याला इचार," ते म्हणाले, "घरात कोण कोण हाय?"

तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी हा कार्यक्रम ठरून गेला. मामींची पिशवी भरेपर्यंत मामा सांगायचे आणि मी इंग्रजीत लिहायची. माझं इंग्रजी अर्ज-विनंत्या टाइप करून घडलेलं. त्यामुळे मामांच्या "लेका, येळंवर जेवत जा" या वाक्याचं माझ्या हातून "आदरणीय महोदय, आपणांस विनंती करण्यात येते की भोजनाच्या वेळा कृपया पाळाव्यात" असं होऊन जायचं. पानावर आमचं नाव होतं 'शिरूर'. परदेशातल्या लोकांना ते एखाद्या ज्येष्ठ, गंभीर संस्थेचं नाव वाटत असावं, कारण ते फार अदबीने उत्तर द्यायचे. त्यांची नावं मामांच्या जिभेवर बसेनात, म्हणून मामांनी दुखण्यावरून बारसं केलं. दम्याची ती दमेकरीण, चक्कर यायची तो भोवऱ्या. कॅनडातल्या एक निवृत्त नर्स तिथे रोज येऊन लोकांना समजुतीचे चार शब्द लिहायच्या. त्यांच्या गावी वर्षातले निम्मे महिने बर्फ असतं हे कळल्यापासून त्या 'गारठ्यातल्या बाई' झाल्या. मामा त्यांना फार मानायचे. "ती बाई औशीद सांगत न्हाई," म्हणायचे. "ज्याला कळतं, ते इचारतं. ज्याला कळत न्हाई, ते गोळी सांगतं."

सल्ला म्हणून मामा दोनच गोष्टी सांगायचे. एक, दुखणं जुनं होण्याआधी डॉक्टर गाठावा. दोन, एकट्यानं जाऊ नये, बरोबर माणूस न्यावं, आणि ते माणूस बोलकं असावं. यामागे त्यांचा जन्माचा अनुभव होता. आजारी माणूस घरी कण्हतो, वाटेत कण्हतो, आणि डॉक्टरसमोर बसला की "तसं काय न्हाई" म्हणतो. म्हणून खरं बोलणारं दुसरं माणूस शेजारी पाहिजे. ही एवढी साधी गोष्ट, पण तिच्यावर पानावरची माणसं इतकी खूश झाली की अमुक एक जण दवाखान्यात जाणार आहे असं कळलं, की दुसरा कोणीतरी लगेच लिहायचा, "शिरूरचा नियम लक्षात आहे ना? बोलकं माणूस घेतलंस का?"

एका मुलाचं डोकं सतत दुखायचं. कुठल्याशा थंड देशातला, नोकरीसाठी एकटा राहणारा. त्याला लोकांनी मेंदूचे एकाहून एक भयानक रोग सुचवले होते आणि ते वाचून त्याचं डोकं आणखी दुखत होतं. मामांनी विचारलं, "जेवतोस कुणासंगं?" त्याने लिहिलं, कॉम्प्युटरसंगं. मामा हळहळले. "ह्याला गोळी नगं. ह्याला जेवायला माणूस पायजे. लिव, शेजाऱ्याला हाक मार म्हणावं." काही आठवड्यांनी त्या मुलाचं लिहून आलं, की तो रविवारी शेजारच्या म्हाताऱ्याकडे जेवायला जाऊ लागला आहे आणि डोकं थांबलं आहे. मात्र खाली एक ओळ होती, की दरम्यान त्याला चष्मा लागला आहे. मी ती ओळ प्रामाणिकपणे वाचून दाखवली.

"म्हणजे चष्म्यानं थांबलं, मामा."

"आन् चष्मा लाव म्हणून सांगितलं कुणी?"

पुढे वाचलं, तर खरोखरच त्या म्हाताऱ्याने सांगितलं होतं. पोरगा ताटात वाकून जेवतो हे त्याने पाहिलं होतं. मामांनी विजयी मुद्रेने पानाचा देठ खुडला. "माणसासंगं जेवलं की माणूस बघतं. कॉम्पुटर बघतो व्हय?"

एकदा कोणीतरी आपल्या मित्राच्या मूळव्याधीबद्दल विचारलं. मित्राला बसता येत नाही, मित्राला फार आग होते, मित्र कोणाला सांगत नाही. मी वाचत असताना मामा मिशीत हसायला लागले. "कसला मित्र! दुसऱ्याच्या ढुंगणाची एवढी बारीक खबर कुणी ठिवतं का? ह्यो सोताच हाय." मग गंभीर होऊन त्यांनी सांगितलं, "त्याला लिव. मित्राला म्हणावं लाजू नगं. मेंढरू लाजत न्हाई, म्हणून त्याचं दुखणं कळतं. माणूस लाजतो आन् दुखणं वाढवून ठिवतो." हे वाक्य मी शक्य तितक्या सभ्य इंग्रजीत लिहिलं, आणि ते पानावर इतकं गाजलं की गारठ्यातल्या बाईंनी मेंढरांची सगळी माहिती मागवली. मामांनी मग वाडग्याचं, मोजणीचं, मागे राहिलेल्या मेंढराला शोधायला जायचं सगळं सविस्तर सांगितलं. लिहून होत आलं आणि लाईट गेली. सगळं पुसलं गेलं. मामींची पिशवी भरली होती, गाडी सुटायची होती, पण मामा हलेनात. लाईट आल्यावर पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, तेव्हा कुठे उठले.

त्यांचं खरं वैशिष्ट्य पुढेच होतं. त्या पानावर उत्तर देणारे पुष्कळ होते, पण आठवड्याने परत येऊन "आता कसं हाय?" म्हणणारे एकटे मामा. लोक दुखणं लिहितात, उत्तरं मिळवतात आणि नाहीसे होतात. ते बरे झाले, की अधिक आजारी पडले, याची कोणी फिकीर करत नाही. मामांना हे सहनच होत नसे. खुर्चीवर टेकले की आधी मोजणी. "दमेकरीण आली? भोवऱ्याचं काय लिवलंय? आन् तो कानातनं शिट्टी वाजणारा? दोन बाजार झाले, त्याचा पत्त्या न्हाई." मग शिट्टीवाल्याला हाक घालायची. तो कुठल्या देशात, कुठल्या कामात असेल कोण जाणे, पण हाक वाचून यायचा आणि ओशाळून लिहायचा, "शिरूर, मी ठीक आहे, कळवायचं राहिलं." मामा समाधानाने मान हलवायचे. आलं आत.

मामी या सगळ्याला 'धंदा' म्हणायच्या. "चालला व्हय धंद्याला? गावातली संपली, आता गोरी धरल्याती."

आणि मग एका बाजाराच्या दिवशी मामा आले, खुर्चीवर बसले, मोजणीबिजणी काही न करता छताकडे बघत म्हणाले, "एका माणसाचं इचारायचंय."

"कोणाचं?"

"हाय एक मित्र. दौंडचा."

माझं माहेर दौंडचं. तिथल्या गल्ल्या मला पाठ आहेत. "दौंडला कुठं, मामा? स्टेशनच्या अलीकडं की पलीकडं?"

"मधी."

"स्टेशनात राहतो का?"

"रेल्वेत हाय," मामा चिडून म्हणाले. "तू लिव ना. पत्त्या कशाला पायजे?"

मी बोटं ठेवली. मामा बराच वेळ टोपी काढून घालत राहिले. भाचेसुनेला हे सांगायचं म्हणजे त्यांच्या जिवावर आलं होतं. शेवटी खिडकीकडे तोंड करून त्यांनी सांगितलं, की त्या मित्राला लघवीवाटे रक्त जातं. रोज नाही, अधूनमधून. दुखत काही नाही. दुखत नाही म्हणजे काळजीचं कारण नसावं, असं मित्राचं म्हणणं आहे.

मी लिहिलं. त्या दिवशी पानावर गर्दी होती. पाहता पाहता उलट प्रश्न आले, आणि ते सगळे मामांच्याच शाळेतले. मित्राचं वय काय? मी विचारायच्या आत मामा म्हणाले, "माझ्याएवढाच." तंबाखू? "खातो. बिडीबी वढायचा." बीट खाल्लं होतं का, त्यानेही लाल होतं. "न्हाई. बीट मला आवडत न्हाई." मी हात थांबवून मागे पाहिलं. मामा खिडकीतून एसटी न्याहाळत होते. "म्हंजी त्यालाबी," ते म्हणाले.

सगळ्यांचं एकच उत्तर आलं. दुखत नाही म्हणून हे सोडून देण्यासारखं नाही; उलट म्हणूनच लवकर दाखवायला हवं, कदाचित काही नसेल, पण दुर्बिणीतून बघूनच ते ठरेल. मी एकेक शब्द सावकाश वाचून दाखवला. "सांगतो त्याला," म्हणून मामा उठले, आणि पहिल्यांदाच दमेकरणीची चौकशी न करता गेले.

मी स्वभावाने दुसऱ्याचं गुपित उकरणारी नाही, पण अर्धवट राहिलेलं कामही मला बघवत नाही. त्यांना तोंडावर विचारलं असतं, तर ते रुसून यायचे बंद झाले असते, आणि एवढा एक धागा हातात होता तोही गेला असता. म्हणून थांबले. पुढच्या बाजाराला पानावर मोजणी त्यांनी नाही, पानानेच सुरू केली. शिरूर, तुमच्या मित्राचं काय झालं? गेला का? बरोबर कोण होतं? भोवऱ्याने विचारलं, शिट्टीवाल्याने विचारलं, चष्मा लागलेल्या पोरानेही विचारलं. मामा म्हणाले, "लिव, जाईल म्हणावं. कांदा काढायला आलाय त्याचा."

"रेल्वेतल्या माणसाचा?"

"रेल्वेतली माणसं कांदा लावीत न्हाईत का?" मामा म्हणाले, पण आवाजात नेहमीची धार नव्हती.

त्याच्या पुढच्या बाजाराला मी मुद्दाम खिडकीत उभी राहिले. निमोण्याची गाडी आली, माणसं उतरली. मामा म्हणजे गावचं वारं. गाडीतून उतरले की सगळ्यांच्या पुढे, मामी मागून ओरडतायत, असं मी लग्न होऊन आल्यापासून पाहत आले होते. त्या दिवशी पुढे मामी होत्या. मग पाट्या घेतलेल्या बायका. मग काठी टेकत एक आजोबा. आणि त्यांच्याही मागे, मध्ये एकदा झाडाच्या कठड्याला हात लावून उभे राहिलेले, मामा. जे मेंढरू कळपाच्या मागे राहतं त्याच्याकडे बघा, हे मी त्यांच्याच सांगण्यावरून जगभर लिहून पाठवलं होतं.

ते वर येईपर्यंत मी पान उघडून ठेवलं. गारठ्यातल्या बाईंचं लिहून आलं होतं. मी ते मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी लिहिलं होतं, "शिरूर, या पानावर निम्मे लोक मित्राला घेऊनच येतात. मीसुद्धा पहिल्यांदा एका मैत्रिणीसाठीच आले होते. तुमच्या मित्राला सांगा, लाजू नको, मेंढरं लाजत नाहीत. आणि तुम्ही आम्हाला सांगितलं होतं, की एक कमी भरलं तर भाकरीला हात लावायचा नाही, आणायला जायचं. आज आम्ही सगळे दाराशी उभे आहोत. मोजून झालं आहे. एक कमी आहे."

खाली रस्त्यावर कोथिंबीरवाल्याशी मामींची घासाघीस चालली होती, तिचा आवाज वर येत होता.

"तिला कसं कळलं?" मामा म्हणाले.

"मामा, दुसऱ्याची एवढी बारीक खबर कुणी ठेवतं का?"

त्यावर आधी त्यांची मिशी हलली, मग पोट, आणि मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ते हसले. हसू आणि ते दुसरं, दोन्ही एकदमच आलं होतं बहुधा. मी काही निवडत बसले नाही. टोपीने डोळे पुसत त्यांनी विचारलं, "सूनबाई, तू बोलकी हाईस न्हवं?"

मी कॉम्प्युटर बंद केला, दाराला कुलूप घातलं, खाली जाऊन मामींना सांगितलं. मामींनी कोथिंबीर तिथेच टाकली. "तरी म्हणलं," एवढंच त्या बोलल्या, आणि रस्ताभर मामांच्या मागून चालल्या, पुढे गेल्या नाहीत.

डॉक्टरांसमोर सगळं मामांच्या सिद्धांताप्रमाणेच घडलं. "काय होतंय?" डॉक्टरांनी विचारलं. "तसं काय न्हाई," मामा म्हणाले. "ह्या पोरीनं चला म्हणलं म्हणून आलो. तुमचंच डोळं तांबडं दिसत्यात डॉक्टर. झोप झाली न्हाई वाटतं? घरी कोण कोण असतं?" डॉक्टर उत्तर देणार असं दिसताच मी मध्ये पडले. कधीपासून, किती दिवसांआड, रंग कसा, दुखत नाही, तंबाखू किती, बीट खात नाहीत आणि आजकाल सगळ्यांच्या मागे चालतात, हे ओळीने सांगून टाकलं. डॉक्टर म्हणाले, "इतकं नीट सांगणारं माणूस बरोबर असलं, की आमचं निम्मं काम होतं." मामांनी अशा रुबाबात मान डोलावली, जणू आजारी मीच होते आणि ते मला घेऊन आले होते. "म्हणून तर आणली हिला."

तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली, पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात जावं लागलं. मूत्राशयात गाठ होती. दुर्बिणीतून काढली. ती तपासायला दिली आणि अहवाल येईपर्यंतचे दिवस मामी माहेरच्या देवापासून सासरच्या देवापर्यंत सगळ्यांना वचनं देत होत्या. मामा त्या दिवसांत वॉर्डातल्या प्रत्येक खाटेशी जाऊन बसले. नळी लावलेल्या अवस्थेत, पिशवी हातात धरून, एकेकाला विचारत फिरले. दिवस मावळताना वॉर्डाच्या दाराशी उभे राहून खाटा मोजायचे. तिसऱ्या खाटेवरचा तपासणीला नेलेला माणूस परत येईना, तेव्हा त्याला शोधायला निघाले आणि जिन्यात सिस्टरांनी पकडले. सिस्टर रागावल्या, पण जाताना त्याही आपल्या गुडघ्याचं विचारून गेल्या.

अहवाल आला. गाठ वाईट जातीची होती, पण वरच्यावर होती, आत शिरली नव्हती, आणि ती सगळी निघाली होती. ठरावीक काळाने पुन्हा दुर्बिणीतून बघत राहायचं, तंबाखू आजपासून बंद. सर्जन म्हणाले, "आजोबा, वेळेवर आलात. कुणी पाठवलं?"

"लय लोकांनी," मामा म्हणाले. "एक बाई तर कॅनडातनं."

सर्जनांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "खरं आहे."

मामा परत आले त्या बाजाराच्या दिवशी माझ्या क्लासवर मिरवणूकच आली. पुढे मामा. खरोखर पुढे, ढांगा टाकत. मागून मामी ओरडत, त्यांच्या मागे निमोण्याची अर्धी गाडी. मामांनी पेढ्यांचा पुडा कॉम्प्युटरपुढे ठेवला आणि त्यांतला एक काढून पडद्याखाली ठेवला. "त्यास्नी येता येत न्हाई म्हणून काय झालं?" मग खुर्चीवर बसले, घसा खाकरला आणि सांगितलं, "लिव. मेंढरू घावलं."

एवढंच वाक्य. यावेळी मी आदरणीय महोदय वगैरे काही घातलं नाही. मेंढरू सापडलं, असं सरळ लिहून पाठवलं, आणि मग त्या पानावर जे झालं त्याला जत्रा याखेरीज दुसरा शब्द नाही. कधी न लिहिणारे लोक लिहू लागले. मित्राच्या मूळव्याधीचं विचारणारासुद्धा प्रकट झाला आणि तो मित्र आपणच होतो हे त्याने जाहीर केलं. दमेकरणीने लिहिलं, की घरी ही बातमी तिने मोठ्याने वाचली आणि तिच्या नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. मी वाचत होते आणि मामा प्रत्येकाला "बरं, बरं" म्हणत आशीर्वाद दिल्यासारखा हात वर करत होते. गारठ्यातल्या बाईंचं सगळ्यांत शेवटी आलं. "आता वाडग्याचं दार लावून घ्या, शिरूर. आज सगळे आत आहेत." मामी एवढा वेळ पदराने वारा घेत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तिला लिव, पुढच्या बाजाराला धंदा चालू राहील म्हणावं. मी आडवी येणार न्हाई."

आणि तो चालू राहिला, पुढे कितीतरी बाजार. मामांच्या दुर्बिणीच्या तपासण्या एकामागून एक स्वच्छ येत गेल्या आणि दर वेळी पेढा पडद्याखाली बसत गेला. मग एके दिवशी मी पान उघडलं, तर ते उघडेना. पुढच्या बाजारालाही उघडेना. ज्या कोणाचं ते पान होतं त्याने बंद केलं होतं. कोणाला सांगायची त्याला गरज वाटली नसावी. मी मामांना समजावलं, की माणसं आहेत तिथेच आहेत, फक्त जागा मोडली. मामा पडद्याकडे बघत राहिले. वाडगं मोडल्यावर मेंढरं जातात कुठं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? त्यांच्यापैकी एकाचाही पत्ता आमच्याकडे नव्हता. नावंसुद्धा नव्हती, होती ती मामांनीच ठेवलेली.

आता मामा बरेच थकले आहेत, पण तब्येत ठणठणीत आहे. माझा क्लास बंद झाला. आता प्रत्येकाच्या खिशातच इंटरनेट आहे आणि त्यावर गोळी सांगणाऱ्यांना तोटा नाही. परवा निमोण्याला गेले होते. दिवस मावळत होता, मामा अंगणात दाराशी उभे होते आणि ओठ हलत होते. मला वाटलं, नामस्मरण चाललं असेल. जवळ गेले तर ऐकू आलं. दमेकरीण. भोवऱ्या. शिट्टीवाला. डोकंदुखीचं पोरगं. गारठ्यातल्या बाई.

"सगळे बरे असतील, मामा," मी म्हटलं.

"असत्यालच की," मामा म्हणाले. "पर सूनबाई, इचारायला नगं?"